निंबोळीच्या तेलाचा वास

घरामागे पाण्याचा एक अरुंद चर आहे. मे महिन्यात त्याच्या काठावर ब्रांडनेटल नावाचं तण कमरेएवढं माजतं. दिसायला थेट पुदिना, पण पान निसटतं लागलं तरी तासभर आग होते. इथल्या नगरपालिकेचं, म्हणजे गेमेन्टेचं, गवत कापायचं यंत्र दर वर्षी येतं आणि सगळा काठ भुईसपाट करून जातं. पुलाजवळचा एक पट्टा मात्र मुद्दाम सोडलेला असतो. तिथं एक छोटी पाटी आहे, पाटीवर फुलपाखराचं चित्र. अकरा वर्षं मी स्टेशनला जाताना त्या पाटीसमोरून सायकल नेतोय, आणि अकरा वर्षं मे महिन्यात मान दुसरीकडे वळवतोय.

यंदा मात्र उतरलो. सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली, वाकलो आणि बाहीनं एक पान उलटं केलं. होत्या. काळ्या, काटेरी, अंगावर पिवळट रेघा, एकमेकींना चिकटून खात बसलेल्या. पुस्तकात यांना सुरवंट म्हणतात. माझी आई नुसतं अळ्या म्हणते. माझी मुलगी रेवा सहा वर्षांची असताना यांना 'पाहुण्या' म्हणायची, कारण अशाच चौदा जणी चार दिवस आमच्या घरी राहायला आल्या होत्या.

त्या चार दिवसांइतके आनंदाचे दिवस या देशात आम्हाला नंतर फार मिळाले नाहीत. आणि त्याच चार दिवसांत माझ्या हातून जे झालं, ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मंजिरीलाही नाही. ती माझी बायको. तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही.

पुण्याहून आल्मेरेला येऊन तेव्हा आम्हाला दहा महिने झाले होते. मी ॲमस्टरडॅममधल्या एका ऑफिसात टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चूक कुठं आहे, ती मुळात का झाली, हे शोधून काढायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. रेवा शाळेच्या तिसऱ्या गटात होती, म्हणजे आपल्याकडची पहिली. दहा महिन्यांत ती आमच्या दोघांपेक्षा चांगलं डच बोलायला लागली होती. घरात मराठीत विचारावं आणि उत्तर डचमध्ये यावं, हे तेव्हाच सुरू झालं. मंजिरीला त्याचं वाईट वाटायचं. मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटायचा.

सकाळी पालकांना वर्गात पंधरा मिनिटं थांबायची मुभा होती. मी थांबायचो. ओल्या रेनकोटांचा, डिंकाचा आणि डब्यातल्या चिरलेल्या सफरचंदांचा मिळून एक वास त्या वर्गाला होता. अजून कुठं सफरचंद चिरलेलं दिसलं की मी त्या खोलीत जातो. रेवाच्या बाई, यूफ हॅनेके, इथं बाईंना यूफ म्हणतात, उंच, पांढऱ्या केसांच्या होत्या. एका सोमवारी त्या गमबूट घालून चरात उतरल्या आणि हातमोजे घालून चौदा अळ्या घेऊन आल्या. खिडकीपाशी जाळीचा एक उभा पिंजरा, त्यात ब्रांडनेटलच्या फांद्या, आणि भोवती गोल मांडलेल्या छोट्या खुर्च्या. रोज सकाळी मुलं त्या गोलात बसून पिंजऱ्याकडे बघायची आणि वहीत एक चित्र काढायची. बोलायचं नाही, फक्त बघायचं. सव्वीस मुलं गप्प बसली की अळ्यांच्या खाण्याचा आवाज यायचा. खोटं वाटेल, पण यायचा. बारीक, कोरडा, कुणीतरी दूरवर कागद फाडत असावं तसा.

"बाबा, ट्रेन," रेवा कुजबुजायची.

"पुढची घेईन," मी म्हणायचो, आणि त्या बारक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचो. पुढची, त्याच्या पुढची. तो मे महिना मी ऑफिसला रोज उशिरा गेलो.

लहानपणी आम्हीही पकडायचो. रुईच्या झाडावरच्या पट्टेरी अळ्या काडेपेटीत घालायचो आणि दप्तरात विसरायचो. पुढं त्यांचं काय व्हायचं, हे कुणी आम्हाला बघायला लावलं नव्हतं. इथं एक बाई सव्वीस मुलांना नुसतं बघायला शिकवत होती, आणि सत्ताविसावा मी होतो.

त्या गोलात मारिट नावाची एक मुलगी होती. समोरचे दोन दात पडलेले, दोन शेंड्या, त्यातली एक कायम सुटलेली. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मारिटला बघणं पुरायचं नाही. तिचा हात सारखा पिंजऱ्याच्या झाकणाकडे जायचा.

"मारिट, डोळ्यांनी," यूफ हॅनेके म्हणायच्या.

"मी डोळ्यांनीच बघतेय!"

"मग ते बोटांना पण सांग."

सगळे हसायचे. मारिटही हसायची, आणि हात मांडीखाली दाबून बसायची.

मग हेमेलफार्टची सुटी आली. इस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येणारा हा सण. गुरुवार येतो, लोक शुक्रवार जोडून घेतात आणि शाळा चार दिवस बंद. अळ्यांना चार दिवस कोण सांभाळणार, म्हणून यूफनी चिठ्ठ्या टाकल्या. रेवाचं नाव निघालं. त्या दिवशी ती वर्गातून बाहेर आली ती पिंजरा पोटाशी धरून, पावलं मोजत, देवाची मूर्ती आणावी तशी. सायकलवर न्यायला तयारच नव्हती. मी सायकल हातात धरून चाललो आणि ती पुढं, वाटेत भेटेल त्याला डचमध्ये सांगत, "माझ्याकडे पाहुणे आलेत."

पिंजऱ्याबरोबर एक जाड वही होती, ज्याच्या घरी अळ्या जातील त्यानं हकिकत लिहायची वही, आणि एक कागद. ताजी पानं द्या. उन्हात ठेवू नका. पानं सुकायला लागली तर पाण्याचा हलका फवारा मारा. हात लावू नका. चार ओळी. मी त्या फ्रिजवर चिकटवल्या.

पिंजरा आम्ही बैठकीच्या खिडकीत ठेवला, तुळस आणि कढीपत्त्याच्या शेजारी. कढीपत्ता हे आमच्या घरातलं मानाचं झाड. इथल्या हिवाळ्यात तो जगवणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळण्यासारखं. ओळखीची मराठी घरं पोह्यांसाठी चार पानं मागायला यायची. त्या वसंतात त्याच्यावर पांढरी कीड पडली होती. आईनं पुण्याहून कुणाच्या तरी सामानातून निंबोळीचं तेल पाठवलं होतं, तीन पिशव्यांत गुंडाळून. चमचाभर तेल, थेंबभर भांड्यांचा साबण, लिटरभर पाणी, आणि फवारायचं. फोनवर मी विचारलं होतं, मरतात का लगेच? तर आई म्हणाली, "मारत नाही रे ते. नुसतं वाढू देत नाही. कात टाकता येत नाही त्यांना, मग आपोआप जातात."

पाहुण्या आल्या त्या दिवशीही आईचा व्हिडिओ कॉल आला. रेवानं फोन पिंजऱ्याला लावला.

"अगं बाई! अळ्या? घरात?"

"आजी, त्या गेस्ट आहेत."

"कसल्या गेस्ट! मंजिरी, भाजी नीट बघून चिर हो."

"आई, त्या जाळीत आहेत," मंजिरी हसून म्हणाली.

"आज जाळीत आहेत. आणि रेवा, हात नको लावूस, अंगाला खाज येईल."

रेवाचा नियम होता, पाहुण्यांना मराठी येत नाही, त्यांच्याशी डचमध्येच बोलायचं. सकाळी उठून मी त्यांना डचमध्ये सुप्रभात म्हणायचं, आणि त्यातला 'ख' घशातून यायला हवा. "असा नाही बाबा, खोकल्यासारखा." मी खोकायचो. मंजिरी स्वयंपाकघरातून हसायची. दुपारी आम्ही तिघं हातमोजे घालून चरावर जायचो, ब्रांडनेटल कापायचो, तरी मनगटाला आग व्हायचीच, आणि मग थंड नळाखाली हात धरून तिघंही ओय-ओय करायचो. संध्याकाळी नऊ वाजले तरी इथं ऊन असतं. पिवळं, तिरपं. त्या उन्हात पिंजऱ्याची सावली भिंतीवर पडायची आणि सावलीतल्या अळ्या बोटाएवढ्या दिसायच्या. रेवा त्या मोजता मोजता सोफ्यावर झोपून जायची. माझ्या मनात 'घर' म्हटलं की पुण्याचं येतं, पण त्याच्या लगेच मागून ती भिंत येते.

गुरुवारी संध्याकाळी त्यांतली एक चढत चढत झाकणापर्यंत गेली आणि उलटी लटकली. रेवानं तिचं नाव वटवाघूळ ठेवलं. बाकीच्या तेरा खात राहिल्या.

शुक्रवारी पानं मलूल दिसायला लागली. फवारा मारायचा होता. घरात फवाऱ्याची बाटली एकच होती, कढीपत्त्याची. मी तिच्यातलं उरलेलं ओतून दिलं, दोनदा विसळली आणि साधं पाणी भरलं. दुकान सायकलवरून पाच मिनिटांवर होतं, नवी बाटली मिळाली असती. मी गेलो नाही. इतकंच. त्यात कसलीही अडचण नव्हती, पाऊस नव्हता, घाई नव्हती. दोनदा विसळलीय, पुरे, असं मला वाटलं.

शनिवारी रेवा फवारा मारत होती. मध्येच थांबली. बाटली नाकाशी नेली.

"बाबा, हिला आजीच्या तेलाचा वास येतोय."

मी वास घेतला. येत होता. फार नाही, कडवट, मागे राहिलेला. तेलाचा चिवटपणा मला माहीत होता.

"नाही गं," मी म्हणालो. "धुतलीय मी. शेजारच्या कुंडीचा येत असेल."

तिनं पुन्हा बाटली हुंगली. मग माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली आणि फवारा मारायला लागली.

रविवारी मी वहीत दोन पानं लिहिली, डचमध्ये, मंजिरीनं शब्दकोश बघून दुरुस्त केलेली. फोटो चिकटवले. खोकल्यासारख्या सुप्रभाताचा किस्सा लिहिला. 'आम्ही दिवसातून दोनदा पानांवर पाणी फवारलं,' असंही लिहिलं. सोमवारी यूफ हॅनेकेंनी ती पानं वर्गाला वाचून दाखवली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गात आम्ही एकटेच भारतीय होतो. मी त्या बारक्या खुर्चीवर बसून कानापर्यंत लाल झालो. आपण इथं रुजतोय, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या दिवशी, मंगळवारी, यूफ प्रती काढायला बाहेर गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर पिंजऱ्याचं झाकण उघडं आणि मारिटच्या तळहातावर एक अळी. त्यांनी शांतपणे ती आत ठेवायला लावली. रागावल्या नाहीत.

बुधवारपासून खाण्याचा आवाज थांबला. सव्वीस मुलं गप्प बसायची आणि काहीच ऐकू यायचं नाही. अळ्या पानांवर नुसत्या पडून राहायच्या. चार-पाच जणी कशाबशा झाकणाशी जाऊन लटकल्या, पण त्यांची कात फाटेना. त्या तशाच काळ्या पडल्या आणि एकेक करून खाली आल्या. आठवड्याच्या शेवटी तेरा संपल्या होत्या. राहिली फक्त वटवाघूळ. ती केव्हाच कोष होऊन शांत लटकली होती.

असं का झालं, हे कुणालाच माहीत नाही, असं यूफ हॅनेकेंनी मुलांना सांगितलं. निसर्गात असंही होतं, म्हणाल्या. पण सहा-सात वर्षांच्या मुलांना 'माहीत नाही' चालत नाही. त्यांनी ठरवून टाकलं: मारिटनं हात लावला, म्हणून मेल्या.

मला माहीत होतं. कोड तपासायला बसल्यावर उत्तर मिळायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. फवारा शुक्रवारपासून. जी गुरुवारीच खायची थांबली, ती जगली. जिनं शुक्रवारनंतर पानं खाल्ली, ती गेली. मारत नाही, नुसतं वाढू देत नाही. वर्गाच्या दारात उभ्या उभ्या मला आईचा आवाज ऐकू आला.

त्याच संध्याकाळी रेवा माझ्या सायकलवर मागे बसली होती. पुलावर आलो तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, त्या बाटलीत तेल होतं का?"

तिनं हे मराठीत विचारलं. गेले कित्येक आठवडे ती आपणहून माझ्याशी मराठीत बोलली नव्हती. मला नीट समजावं, म्हणून तिनं माझी भाषा घेतली होती. आणि मी, तिच्याकडे न वळता, पायडल मारत म्हणालो, "नाही. वास-बिस काही नव्हता. तुला उगाच वाटलं."

तिनं माझ्या जाकिटाला धरलेले हात तसेच होते. तेच मला जास्त लागलं.

आधी झाली ती चूक होती. पुलावर मी जे बोललो, ते खोटं होतं.

घरी जाऊन मी यूफ हॅनेकेंना ईमेल लिहायला घेतली. माझ्याजवळ शब्द नाहीत, अशी सबब मी स्वतःला बरेच दिवस दिली. पण शब्द होते. तेल, बाटली, मी. एवढंच लागणार होतं. ईमेल ड्राफ्टमध्ये राहिली. टाळ्या वाजवणाऱ्या त्या मुलांसमोर, त्या बाईंसमोर, 'ते भारतीय कुटुंब' म्हणून आम्ही कसे दिसू, याचा मी विचार करत बसलो. सोमवारी सांगू म्हणालो. सोमवारी वाटलं, आता विषय मागे पडलाय.

तो मागे पडलेला नव्हता. दोन आठवड्यांनी शाळेच्या अंगणात मारिटची आई भेटली. मंजिरीशी बोलत होती, मी शेजारी उभा होतो. "घरी आली की हातच धुत बसते," ती म्हणाली. "पंधरा-पंधरा मिनिटं. लाल झालेत. म्हणते, माझ्या हातांत काहीतरी आहे." मंजिरी हळहळली. मी घड्याळात बघितलं आणि ट्रेन असल्याचं सांगितलं.

जूनच्या मध्यावर वटवाघूळ बाहेर आली. नारिंगी पंख, कडेला निळे ठिपके. या फुलपाखराचं डच नाव 'छोटा कोल्हा' आहे. पालकांना बोलावून यूफनी अंगणात पिंजरा उघडला. फुलपाखरू बराच वेळ झाकणाच्या काठावर बसून राहिलं, पंख उघडत, मिटत. मुलं श्वास धरून उभी होती. "मारिट, पुढं ये," यूफ म्हणाल्या. मारिट सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनं मान हलवली. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात खोल घातलेले, जून महिन्यात. फुलपाखरू उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हात बाहेर काढले नाहीत.

अळ्यांचं म्हणाल तर त्या अळ्याच होत्या. चरावर हजारो असतात, पक्षी खातात. मला आठवतात ते खिसे.

नंतरची वर्षं कशी गेली, हे सांगण्यासारखं काही नाही. लोकांची जातात तशीच. घर घेतलं, पासपोर्ट बदलला. मुली वेगवेगळ्या शाळांत गेल्या. मारिट पंधरा वर्षांची झाल्यावर आमच्या सुपरमार्केटमध्ये शनिवारी काउंटरवर बसायला लागली. तेव्हापासून दर शनिवारी मी दुसऱ्या रांगेत उभा राहतो.

"अरे, तिकडे कुणीच नाहीये की," मंजिरी म्हणते.

"असू दे. ही रांग बरी आहे."

"काय बरी आहे? त्या आजोबांनी चाळीस बाटल्या आणल्यात!"

ती कपाळाला हात लावते. तिला वाटतं, माझं वय झालं.

आणि रेवाचं एक सांगायचं राहिलं. तिला दुधाचा वास स्वतः घेता येत नाही. म्हणजे घेते, पण विश्वास ठेवत नाही. फ्रिजमधून डबा काढते, हुंगते, आणि मग आईकडे नेते. "हे नासलंय का?" पनीर असो, काल रात्रीची आमटी असो, पाऊस येणार असल्याचा वास असो. "आई, तुला येतोय का?" लहानपणी आम्हाला गंमत वाटायची. मंजिरी तिला 'निरीक्षक बाई' म्हणायची. ही सवय कुठून आली असेल, असं मंजिरीनं एकदा मला विचारलं होतं. मी म्हणालो, असतात मुलांना सवयी.

या मे महिन्यात रेवाची शाळेची शेवटची परीक्षा होती. इथं परीक्षेचे दिवस आपल्यासारखे घामाचे नसतात. सकाळी गार असतं, मुलं ब्रेडचा डबा घेऊन सायकलवरून जातात. तरी घरात तीच शांतता, तेच आईबापांचं पाऊल न वाजवता चालणं. पेपर संपल्यावर ती खोली आवरायला लागली. सप्टेंबरपासून तिला युट्रेख्टला जायचंय. खोली मिळण्याची मारामार चालू आहे. आवरताना शाळेच्या जुन्या कागदांत त्या जाड वहीतल्या आमच्या पानांची प्रत निघाली. वर्षाच्या शेवटी यूफनी प्रत्येक मुलाला दिली होती. रेवानं ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि फ्रिजकडे गेली. दुधाचा डबा काढला, हुंगला.

"आई कुठंय?"

"बाहेर गेलीय," मी म्हणालो.

तिनं डबा हातात धरून ठेवला. प्यायली नाही, ओतलाही नाही. नुसती उभी राहिली, आई यायची वाट बघत. सतरा वर्षांची, माझ्याहून उंच. मला एकदम वाटलं, युट्रेख्टला ही दूध कुणाला दाखवणार?

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चरावर उतरलो, ते वर सांगितलं.

निकाल फोनवर कळतो. पास झालेल्या मुलाच्या घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर लटकवतात, अशी इथली रीत आहे. जूनमधल्या त्या दुपारी गल्लीगल्लीत दप्तरं लटकलेली दिसतात. रेवाला फोन आला, तिनं किंकाळी फोडली, मंजिरी रडली, पुण्याला आई रडली. मग मंजिरी केक आणायला गेली आणि आम्ही दोघं पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काठी बसवायला लागलो. मी काठी धरली होती, रेवा दप्तराचा पट्टा बांधत होती. रिकामं दप्तर वाऱ्यावर गोल फिरलं आणि थांबलं.

"रेवा," मी म्हणालो, "त्या बाटलीत तेल होतं."

तिनं गाठ मारणं थांबवलं नाही. कुठली बाटली, असंही विचारलं नाही.

"मला वास आला होता. शनिवारीच आला होता. मी तुला खोटं सांगितलं. आणि नंतर पुलावर परत सांगितलं."

तिनं गाठ ओढून घट्ट केली.

"म्हणजे वास होता," ती म्हणाली. मराठीत.

"होता."

"मला येत होता, तो खरंच होता."

"हो."

"बाबा, मला..." तिचा आवाज चढला, आणि मग ती डचमध्ये गेली, भराभर. मी सगळं पकडू शकलो नाही. तिनं किती वर्षं स्वतःला वेडी समजलं, असं काहीतरी. मग थांबली. "मारिटला माहितीये?"

"नाही."

"मग मला काय सांगतोयस? तिला जाऊन सांग."

"तू येतेस बरोबर?"

"नाही. तू जा."

मारिटच्या घरावरही दप्तर लटकत होतं, लाल, एका कोपऱ्यात फाटलेलं. दार तिनंच उघडलं. शेंड्या गेल्या, पण केसांची एक बट सुटलेलीच होती. मला बघून तिनं हात पुढं केला. इथं पास झालेल्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करतात. तिला वाटलं, मी त्यासाठी आलोय.

"आधी ऐक," मी म्हणालो, आणि सांगितलं. तेल, बाटली, मी. डचमध्ये, उभ्या उभ्या, दारात. तीन मिनिटंही लागली नाहीत.

ती ऐकत राहिली. तिचा हात हळूहळू खाली गेला. मग ती म्हणाली, "थांबा. हे आईला पण सांगा." आणि आत वळून हाक मारली, "ममा! रेवाचे बाबा आलेत. त्यांना काहीतरी सांगायचंय."

तिची आई हात पुसत आली. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं, कारण आता कोणता शब्द कुठं लागतो, ते मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मग मुलीच्या हातांकडे.

"डॉक्टरकडे नेलं होतं मी हिला," ती म्हणाली. "त्या हात धुण्यासाठी. दोनदा."

"मला माफ करा."

"तुम्ही तिथं उभे होतात. मी सांगत होते तेव्हा."

"हो."

तिनं दार आपटलं नाही. नीट, हळू लावलं.

घरी आलो तेव्हा मंजिरी केक कापत होती. रेवानं तिला सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं माझ्यासमोर बशी ठेवली आणि फक्त एवढंच म्हणाली, "चाळीस बाटल्यांच्या रांगेत उभं केलंस मला. दोन वर्षं." मग उठून आत गेली. रात्री रेवानं फ्रिज उघडला, दुधाचा डबा हुंगला, आणि कुणाला न विचारता बेसिनमध्ये ओतून दिला. मी डबा उचलून बघितला. नासलं होतं.

काल शनिवार होता. मी टोपली घेऊन मारिटच्या रांगेत उभा राहिलो. पुढं एक बाई होत्या, मग मी. माझी कोथिंबीर, टोमॅटो, दोन डबे दूध पट्ट्यावरून सरकत तिच्यापाशी गेलं. तिनं वर बघितलं, मग एकेक वस्तू यंत्रापुढून नेली. तिचे हात फार झपाट्यानं चालतात. मी ते पहिल्यांदाच जवळून बघत होतो.

"पावती हवी?" तिनं विचारलं.

"नको."

कार्ड लावलं, यंत्र वाजलं. माझ्यामागे माणसं होती. मी पिशवी उचलली.

"आई अजून रागावलीय," ती म्हणाली, पुढच्या माणसाचं सामान ओढून घेत. "माझं अजून ठरलं नाही."

"चालेल," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी येतो."